मागच्या भिंतीजवळचं टेबल

खोलीचं तापमान ६८ अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ देऊ नये, अशी सूचना होती. म्हणजे आपले २० अंश सेल्सिअस. दुपारच्या जेवणानंतरही कुणाला डुलकी लागू नये इतपत गार. ‘ट्रम्प युनिव्हर्सिटी’ नावाच्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तयार केलेल्या पुस्तिकांत ही सूचना सापडते. त्या पुस्तिका बाहेर यायच्याच नव्हत्या. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अर्ज केला आणि कॅलिफोर्नियातले फेडरल न्यायाधीश गोन्झालो क्युरिएल यांनी मे २०१६मध्ये त्या खुल्या करायचा आदेश दिला. तेव्हा लोकांना कळलं, की घरं विकत घेऊन श्रीमंत व्हायला शिकवणाऱ्या या संस्थेच्या पुस्तिकांचा मुख्य विषय समोरच्या माणसाकडून सही कशी मिळवावी हा होता. आलेल्या माणसांकडे हाताशी किती पैसा आहे हे कसं काढून घ्यावं, त्यानुसार त्यांची वर्गवारी कशी करावी, ‘बायकोला विचारून सांगतो’ म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यावं, इतकंच काय, पण एखादा सरकारी वकील दारात उभा राहिला तर काय करावं, हेही त्यांत होतं. शाळा चालवणाऱ्याला सरकारी वकिलाची तजवीज आधीच लिहून ठेवावीशी वाटते, यावरून शाळेचा अंदाज यावा.

नावात ‘युनिव्हर्सिटी’ असली तरी ते विद्यापीठ नव्हतं. २००५मध्ये कंपनी सुरू झाली त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण खात्याने परवान्याशिवाय हा शब्द वापरू नका असं बजावलं होतं. नाव बदललं गेलं ते २०१०मध्ये, तोवर धंदा आटोपत आलेला होता.

मोफत गुंतवणूक-सेमिनार हा प्रकार एका माणसाने किंवा एका कंपनीने शोधलेला नाही. अमेरिकेत तो चाळीसेक वर्षं चालू आहे. कंपन्या बुडतात, मालकांवर बंदी येते, पण शहराबाहेरच्या हॉटेलांची सभागृहं रिकामी राहत नाहीत. तरी या एका कंपनीवर थोडं थांबायला हवं, कारण बाकीच्यांच्या बाबतीत जे फक्त ऐकीव असतं ते इथे कागदावर आहे. खटल्यांनी केलेला हा एक उपकारच.

दरपत्रक असं होतं. पहिले दीड तास फुकट. त्यानंतर तीन दिवसांचं शिबिर, १,४९५ डॉलर. त्याच्यावर वैयक्तिक मार्गदर्शनाचे निरनिराळे वर्ग, आणि सर्वांत वरचा ‘गोल्ड एलिट’ ३४,९९५ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सोळा-सतरा लाख रुपयांना. युटा राज्यातल्या ‘झुरिक्स’ नावाच्या दुसऱ्या एका कंपनीवर २०१९मध्ये सरकारने खटला भरला. तिच्याकडेही हेच: आधी फुकट, मग १,९९७ डॉलरचे तीन दिवस, आणि शेवटी ४१,२९७ डॉलरपर्यंतचं प्रगत शिक्षण. कंपनी वेगळी, दशक वेगळं, चेहरे वेगळे. आकडे मात्र सख्ख्या भावंडांसारखे.

या दरपत्रकाकडे विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिलं तर तो अभ्यासक्रम वाटतो: प्राथमिक, माध्यमिक, उच्च. विकणाऱ्याच्या बाजूने पाहिलं की ती चाळण दिसते. सभागृहाचं भाडं, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, चहा, खाऊ, फुकट वाटलेली फोल्डरं हा सगळा खर्च शेवटच्या जाळीत अडकलेल्या थोड्या लोकांकडून वसूल करायचा असतो. त्यामुळे पहिल्या दिवशी बहुतेक लोक उठून घरी गेले तरी आयोजकाचं काही बिघडत नाही. त्याला उरलेले हवे असतात. आणि ते कोण? ज्यांना मनातून फार गरज आहे आणि ज्यांना कुणीतरी अजून कर्ज देईल, असे. हे दोन गुण एकाच माणसात असणं ही त्या माणसासाठी धोक्याची वेळ असते. सेमिनारवाल्यासाठी मात्र तोच आदर्श विद्यार्थी. मोफत प्रवेशाच्या अर्जावर नोकरी, वय, स्वतःचं घर आहे का, निवृत्तीसाठी किती साठवलंय, असे प्रश्न का असतात हे आता वेगळं सांगायला नको. जागेबद्दल तुम्हाला दीड तासात फारसं काही कळत नाही. तुमच्याबद्दल त्यांना बरंच कळतं.

दीड तासात काय होतं? वक्ता आधी स्वतःची गोष्ट सांगतो. गरिबी, अपमान, एखादी गाडीत काढलेली रात्र, मग कुणी गुरू भेटला, आणि आता बावीस घरं. मग पडद्यावर चेकची छायाचित्रं. मग एखादा खरा मुद्दा, चांगला समजावून सांगितलेला, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की माणसाला विषय येतो. कुणी नेमका प्रश्न विचारला, की वाईट कर्ज-इतिहास असेल तर बँक कशी तयार होते, तर ‘उत्तम प्रश्न, तीन दिवसांच्या शिबिरात यावर अख्खं सत्र आहे’. शेवटच्या पंधरा मिनिटांत किंमत जाहीर होते, लगेच कमी होते, जागा थोड्याच उरल्याचं सांगितलं जातं आणि लोकांनी उठून मागच्या भिंतीजवळच्या टेबलाकडे जावं असं वातावरण तयार केलं जातं. चार माणसं उठली की पाचव्याला बसून राहणं अवघड होतं. नाट्यगृहात टाळ्या सुरू झाल्यावर हात मांडीवर ठेवून बसून पाहा, म्हणजे समजेल.

हे सगळं फार तर आक्रमक विक्री म्हणून सोडून देता आलं असतं. खरी हातचलाखी पुढे, पैसे भरून घेतलेल्या तीन दिवसांत आहे. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने २०१३मध्ये ट्रम्प युनिव्हर्सिटीवर दावा लावला. त्यातल्या तक्रारीनुसार विद्यार्थ्यांना सांगितलं जाई, की सुट्टीत आपापल्या क्रेडिट कार्ड कंपनीला फोन करा आणि खर्चाची मर्यादा वाढवून घ्या. कारण पटण्यासारखं होतं: उद्या चांगलं घर समोर आलं तर पैसा हाताशी हवा. मर्यादा वाढे, विद्यार्थी खूश होई, आणि मग त्याच्यापुढे ‘एलिट’ वर्गाचा अर्ज येई, ज्याची फी त्या वाढलेल्या मर्यादेत बरोबर बसे. जागेच्या व्यवहाराचं ज्ञान मिळावं म्हणून ज्याने १,४९५ डॉलर भरले, त्याला गृहपाठ मिळाला तो एकही घर बघण्याचा नव्हता. बँकेला फोन करण्याचा होता. झुरिक्सवरच्या सरकारी तक्रारीतही कार्डाच्या मर्यादा वाढवायला लावण्याचा हाच आरोप आहे.

ट्रम्प युनिव्हर्सिटीतल्या एका माजी विक्री व्यवस्थापकाचं शपथपत्र या खटल्यांत आहे. एक जोडपं आलं होतं. पैसा म्हणण्यासारखं त्यांच्याकडे होतं ते अपंगत्वापोटी मिळणारं उत्पन्न आणि राहत्या घरावर काढता येईल ते कर्ज. यांना ३५ हजार डॉलरचा वर्ग विकणं त्याला योग्य वाटलं नाही, म्हणून त्याने आग्रह धरला नाही. त्याबद्दल वरिष्ठांनी त्यालाच धारेवर धरलं. नंतर दुसऱ्या विक्रेत्याने त्या जोडप्याला तो वर्ग विकला. व्यवस्थापकाने नोकरी सोडली.

शिकवणारे कोण होते? जाहिरात म्हणत होती, स्वतः डोनाल्ड ट्रम्प यांनी हाताने निवडलेले तज्ज्ञ. न्यूयॉर्कच्या तक्रारीत म्हटलंय, की अनेकांच्या आधीच्या नोकऱ्यांचा जागेच्या गुंतवणुकीशी फारसा संबंध नव्हता, आणि काही जण तर जागेच्याच व्यवहारांत दिवाळखोर होऊन नुकतेच इकडे आले होते. ट्रम्प यांची भेट होईल या आशेने आलेल्यांना त्यांच्या पुठ्ठ्याच्या पुतळ्याशेजारी उभं राहून फोटो काढता आला. कंपनी मात्र ९८ टक्के विद्यार्थी समाधानी असल्याचे अभिप्राय दाखवत राहिली. अभिप्रायांबद्दल एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी: ते वर्ग संपताच, तिथेच, भरून घेतलेले असतात. त्या क्षणापर्यंत वर्गातल्या कुणीही शिकवल्याप्रमाणे घर घेतलेलं नसतं, विकलेलं नसतं, रिकामं राहिलेल्या घराचा हप्ता भरलेला नसतो. तो अभिप्राय फार तर वक्त्याच्या वक्तृत्वाला मिळालेला असतो.

आता शिकवलं जातं त्याकडे वळू. माझ्या मते इथे बहुतेक टीकाकार घाई करतात. ‘सगळं खोटं असतं’ म्हणून मोकळे होतात. सगळं खोटं असतं तर हा धंदा चार दशकं चालला नसता. शिकवलेल्या जवळजवळ प्रत्येक युक्तीच्या मुळाशी एखादा खरा व्यवहार असतो. तो कोणत्या काळात, कुणासाठी, कोणत्या अटींवर चालत होता, एवढंच सांगायचं राहून जातं.

‘खिशातून एक डॉलरही न घालता घर घ्या’ ही सर्वांत जुनी युक्ती. रॉबर्ट ॲलन यांचं ‘नथिंग डाऊन’ हे पुस्तक १९८०मध्ये आलं, आणि पुढे कार्लटन शीट्स यांच्या अपरात्रीच्या टीव्ही जाहिरातींनी तो मंत्र घराघरांत पोचवला. तो जन्मला तो काळ पाहा. १९८१मध्ये अमेरिकेत गृहकर्जाचा सरासरी दर अठरा टक्क्यांच्या वर गेला होता. बँकेचं कर्ज कुणाला परवडत नव्हतं, म्हणून घर विकणारेच अगतिक झाले होते. ‘सध्या पैसे देऊ नका, मलाच हप्त्याने द्या’ असं म्हणणारे विक्रेते तेव्हा खरोखर भेटत. शिवाय आधीच्या मालकाचं जुनं, स्वस्त व्याजाचं कर्ज नव्या मालकाने तसंच पुढे चालवायचं, अशीही सोय अनेक ठिकाणी होती. १९८२मध्ये गार्न–सेंट जर्मेन कायदा आला आणि मालकी बदलली की सगळं कर्ज एकदम फेडून घ्यायचा बँकांचा हक्क पक्का झाला. नंतर व्याजदरही उतरले. अगतिक विक्रेते कमी झाले, जुनं कर्ज चालवण्याची वाट अरुंद झाली, पण शिबिरांत तोच धडा चालू राहिला. आजही जुन्या मालकाच्या नावावरचं कर्ज तसंच ठेवून घर ताब्यात घ्यायला शिकवलं जातं. त्यात बँक कोणत्याही दिवशी पूर्ण रक्कम मागू शकते, हे वाक्य हळू आवाजात येतं किंवा येतच नाही.

दुसरी लाडकी युक्ती म्हणजे करार फिरवणं, ज्याला तिथे ‘होलसेलिंग’ म्हणतात. अडचणीतल्या मालकाशी स्वस्तात खरेदीचा करार करायचा आणि घर स्वतः न घेता तो करारच एखाद्या गुंतवणूकदाराला वरकड पैसे घेऊन द्यायचा. व्यवहार होऊ शकतो, करणारे करतातही. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात: बाजारभावापेक्षा खूप खाली विकायला तयार असलेला मालक, आणि रोख पैसे घेऊन बसलेला खरेदीदार. शिबिरात पत्राचा नमुना मिळतो, हे दोघे मिळत नाहीत. एकाच शहरात एकाच वर्गातून बाहेर पडलेली माणसं एकाच यादीतल्या विधवांना आणि कर्जबुडव्यांना एकाच मजकुराची पत्रं पाठवत असतात. काही राज्यांनी यात दलालीचा परवाना आणला. इलिनॉयने २०१९मध्ये कायदा बदलून असे व्यवहार वारंवार करणाऱ्याला परवाना लागेल असं ठरवलं. म्हणजे जुन्या टिपणांवर चालणारा विद्यार्थी बिनपरवाना दलाल ठरण्याचीही शक्यता आली.

तिसरी युक्ती थकलेल्या मालमत्ता कराची. मालकाने कर भरला नाही की स्थानिक सरकार ती थकबाकी लिलावात काढतं. बोली जिंकणारा कर भरतो आणि त्याला ठरलेलं व्याज मिळण्याचा हक्क मिळतो. मालकाने मुदतीत पैसे चुकते केले की विषय संपला. बहुतेक मालक ते फेडतातच, कारण काही हजारांसाठी घर कोण घालवेल? ज्या जागा खरोखर हाती येतात त्यांच्याकडे मालकानेही पाठ फिरवलेली असते: जळकं घर, रस्ता नसलेला तुकडा, ओढ्यातली पट्टी. जॉन बेक या गृहस्थांच्या नावाने ३९.९५ डॉलरचा संच टीव्हीवरून विकला जाई, त्यात अशा लिलावांतून कवडीमोलाने घरं मिळवण्याची पद्धत होती. घेणाऱ्यांना मग हजारो डॉलरच्या वैयक्तिक मार्गदर्शनासाठी फोन जात. २०१२मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने अशा तीन संचांच्या प्रकरणात ४७.८ कोटी डॉलरचा आदेश काढला. गिऱ्हाइकं सुमारे दहा लाख होती.

अशा वेळी ‘इतकी माणसं फसतात तरी कशी’ हा प्रश्न विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात आपण फसलो नसतो याची खात्री असते. ट्रम्प युनिव्हर्सिटीची शिबिरं जोरात होती तो काळ २००८च्या आसपासचा. नोकऱ्या जात होत्या, निवृत्तीची पुंजी आटली होती, आणि रस्त्यारस्त्यावर जप्त घरांच्या पाट्या होत्या. घरं स्वस्त आहेत हे तर डोळ्यांना दिसत होतं. त्यात हावेपेक्षा भीती जास्त होती. झुरिक्सने पुढे घरं दुरुस्त करून विकण्याच्या टीव्ही मालिकांमधले लोकप्रिय चेहरे जाहिरातीला घेतले. ज्यांना आपण दर आठवड्याला भिंत पाडताना आणि नफा मोजताना पाहतो, त्यांच्या नावावर विश्वास ठेवणारा माणूस मूर्ख नसतो. त्याच्याकडे मोजमापाचं दुसरं साधन नसतं. आपल्याकडेही रॉबर्ट कियोसाकींचं ‘रिच डॅड पुअर डॅड’ मराठीत वाचून ‘मालमत्ता म्हणजे खिशात पैसा घालणारी वस्तू’ ही व्याख्या पाठ झालेली तरुण मंडळी भरपूर भेटतात. त्या पुस्तकाच्या नावानेही अमेरिका-कॅनडात मोफत सत्रांपासून महागड्या वर्गांपर्यंतची हीच शिडी दुसऱ्या कंपन्यांनी चालवली, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

खटल्यांचं पुढे काय झालं? ट्रम्प युनिव्हर्सिटीचे तीन दावे नोव्हेंबर २०१६मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर दहा दिवसांनी, २.५ कोटी डॉलरवर मिटले. चूक कबूल केली गेली नाही. क्युरिएल यांनी २०१७मध्ये तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं, अपील झालं, आणि पैसे हातात पडायला २०१८ उजाडलं. हा निकाल विद्यार्थ्यांच्या दृष्टीने चांगलाच म्हणायचा. भरलेल्या पैशांचा मोठा भाग परत आला. झुरिक्सचं प्रकरण २०२२मध्ये १.२ कोटी डॉलरवर मिटलं आणि तिच्या मालकांना असे मार्गदर्शन-वर्ग विकायची बंदी झाली. त्या तक्रारीतला एक आरोप मला सर्वांत बोलका वाटतो. पैसे परत मागणाऱ्यांकडून कंपनी लिहून घेत होती, की ते सरकारी यंत्रणांकडे तक्रार करणार नाहीत आणि कुठे वाईट लिहिणार नाहीत. म्हणजे इंटरनेटवर जाऊन कंपनीची चौकशी करणाऱ्या शहाण्या माणसालाही जे सापडत होतं, ते गाळून उरलेलं होतं.

अमेरिकेत विद्यार्थ्याच्या बाजूने एक नियम आहे. हॉटेलच्या सभागृहासारख्या तात्पुरत्या जागी १३० डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीची विक्री झाली, तर गिऱ्हाईक तीन कामकाजी दिवसांच्या आत ती रद्द करू शकतं आणि विक्रेत्याने हा हक्क लेखी सांगावा लागतो. सभागृहातली गार हवा अंगातून निघून जायला तेवढा वेळ पुरतो. एडिसनला किंवा डॅलसला राहणाऱ्या, पगार बरा असलेल्या आणि ‘एखादं भाड्याचं घर घेऊन टाकावं’ असं शनिवारी सकाळी वाटणाऱ्या मराठी मंडळींनी हा नियम माहीत करून घ्यावा. भारतात सभागृहातल्या अशा विक्रीला सरसकट लागू होईल असा नियम नाही.

आपल्याकडे फुकटचं आमंत्रण थोडं वेगळ्या वेशात येतं. अभ्यासक्रमही विकले जातात, पण जोर जास्त असतो तो थेट जागेवर. पेट्रोल पंपावर किंवा मॉलमध्ये कूपन भरलं की ‘आपण निवडले गेला आहात, जोडीने या’ असा फोन येतो. रविवारी सकाळी ठाण्याहून किंवा कोथरूडहून बस निघते, नाश्ता त्यांचा, जेवण त्यांचं, मुरबाड, कर्जत किंवा मुळशीकडे डोंगराच्या कुशीत चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट. जोडीने बोलावण्याचं कारण सरळ आहे: ‘घरी विचारून सांगतो’ ही पळवाट बस सुटण्याआधीच बंद होते.

त्या चुन्याच्या रेघांखाली काय असतं ते पाहायला हवं. जमीन शेतीची असेल तर कुळकायद्याच्या कलम ६३प्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकायला आडवा येणारा तुकडेबंदी कायदा १९४७पासून आहे. तो चुकवण्यासाठी प्लॉट स्वतंत्र न विकता मोठ्या गटात सामाईक हिस्सा विकतात. मग एका सातबाऱ्यावर पंचवीस नावं येतात, आणि नकाशावरचा ‘प्लॉट नंबर १४’ सरकारी दप्तरात कुठेच नसतो. विकायला काढाल त्या दिवशी उरलेले चोवीस जण आठवतात. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठाहून अधिक असतील, तर जाहिरातीआधी महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची, नोंदणी लागते. ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आजच टोकन द्या’ म्हणणारा विक्रेता या कलमाबद्दल बोलताना ऐकू येत नाही.

जमिनीच्या नावावर पैसा गोळा करण्याची आपली सर्वांत मोठी गोष्ट ‘पर्ल्स’ची, म्हणजे पीएसीएलची. शेतजमिनीत गुंतवणूक असं सांगून, गावोगावच्या बैठकांतून, नात्यागोत्यातल्या एजंटांमार्फत हप्ते घेतले गेले. महाराष्ट्रातही घेतले गेले. सेबीने ऑगस्ट २०१४मध्ये परतफेडीचा आदेश काढला तेव्हा आकडा ४९,१०० कोटी रुपये आणि गुंतवणूकदार पाच कोटींहून अधिक होते. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपला तुकडा नेमका कुठे आहे हे बहुतेक गुंतवणूकदारांनी कधी पाहिलंच नव्हतं.

सगळं कायदेशीर असलं, बांधकाम व्यावसायिक प्रामाणिक असला, तरी सेमिनारमधलं गणित एकदा घरी मांडावं. समजा ८० लाखांचा फ्लॅट आहे. २० टक्के स्वतःचे, ६४ लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता साधारण ५५,५०० रुपये. भाडं २२ हजार येतं असं धरू, त्यातून सोसायटीचे तीन हजार वजा. महिना साडेछत्तीस हजार आपल्या पगारातून जाणार, तेही भाडेकरू बारा महिने टिकला तर. पहिल्या महिन्यात निव्वळ व्याजच ४५ हजारांवर आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, रंगकाम अजून धरलेलं नाही. हा व्यवहार चुकीचाच, असं मी म्हणत नाही. किंमत चांगली वाढली तर तो बरोबर ठरू शकतो. पण तो किंमतवाढीवर लावलेला पैसा आहे, आणि पडद्यावर त्याचं नाव ‘दरमहा घरबसल्या उत्पन्न’ असं असतं.

शेवटी किमतीचा मुद्दा उरतोच. हजारो डॉलरना किंवा पन्नास हजारांच्या ‘मास्टरक्लास’मध्ये जी गुपितं दिली जातात, त्यांतली कामाची बहुतेक माहिती सरकारी खिडकीवर पडून असते. अमेरिकेत थकीत कराच्या लिलावाची यादी काउंटीच्या कार्यालयात मिळते. महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर रेडी रेकनरचे दर आहेत आणि ई-सर्चमध्ये इंडेक्स टू पाहता येतो, म्हणजे त्याच इमारतीतला फ्लॅट शेजाऱ्याने गेल्या वर्षी कितीला घेतला ते कळतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मुदत, तिची वाढ आणि दाखल तक्रारी दिसतात. महाभूलेखवर सातबारा नुसता पाहायला पैसे पडत नाहीत. डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल काढून घ्यायला मात्र काही हजार रुपये आणि आठ-पंधरा दिवस लागतात, आणि ‘हा दर फक्त आज संध्याकाळपर्यंत’ असं सांगणारा विक्रेता तेवढेच दिवस द्यायला सहसा तयार नसतो.